क्लस्टर डोकेदुखी : रुग्णाच्या सोबत्याचे कार्य

डोके दुखणे ही इतकी नित्याची गोष्ट आहे की, तिला आजार म्हणावयास कोणी सहसा तयार नसते. उन्हातून आल्यामुळे, जागरणामुळे, उपासामुळे किंवा कटकटींमुळे डोके दुखते आणि सुंठेचा लेप, बाम, चहा वा झोप यांनी ते थांबते, असा प्रत्येकाचा अनुभव असतो. या अनुभवामुळेच एका विशिष्ट डोकेदुखीच्या रुग्णांवर मोठा अन्याय होतो. वैद्यकशास्त्र जिला ‘क्लस्टर डोकेदुखी’ म्हणते, ती माणसाला होऊ शकणाऱ्या तीव्रतम वेदनांपैकी एक गणली जाते. सुमारे हजार माणसांत एखाद्यास ती होते. पुरुषांत तिचे प्रमाण अधिक असले, तरी स्त्रियाही तिच्यातून सुटलेल्या नाहीत. बहुधा वयाच्या विशीपासून चाळिशीपर्यंत, म्हणजे संसाराची उभारणी चालू असतानाच, तिचा आरंभ होतो. म्हणून या आजाराचा विचार करताना एका रुग्णाचा नव्हे, तर एका दांपत्याचा विचार करावा लागतो.

पती किंवा पत्नी या नात्याने जी व्यक्ती अशा रुग्णाजवळ राहते, तिला येथे आपण ‘सोबती’ म्हणू. समोर चाललेली वेदना पाहत राहण्यापलीकडे आपल्या हाती काही नाही, अशी या सोबत्याची समजूत झालेली असते. ती खरी नाही. हा आजार घड्याळाच्या ठोक्यावर येतो, आणि त्यावरचे उपाय पहिल्या काही मिनिटांत योजले तरच गुण देतात. ही दोन वैशिष्ट्ये ध्यानात घेतली, म्हणजे सोबत्याचे काम केवळ धीर देण्यापुरते नसून ते उपचाराचाच एक भाग आहे, हे पटेल.

वेदनेचे स्वरूप

क्लस्टर डोकेदुखीचा झटका डोक्याच्या एकाच बाजूस येतो. डोळ्यात, डोळ्यामागे, भुवईवर किंवा कानशिलात कळ सुरू होते आणि थोड्याच मिनिटांत ती परमावधीस पोहोचते. तप्त सळई डोळ्यातून आत खुपसावी तसे वाटते, असे वर्णन रुग्ण करतात. त्याच बाजूचा डोळा लाल होऊन त्यातून पाणी वाहू लागते, नाकपुडी चोंदते किंवा गळू लागते, पापणी सुजते वा खाली उतरते, कपाळावर घाम येतो. उपचार न झाल्यास झटका 15 मिनिटांपासून 180 मिनिटांपर्यंत टिकतो. दिवसाआड एक इतक्या विरळपणे झटके येऊ शकतात, किंवा एका दिवसात आठपर्यंतही येऊ शकतात.

अर्धशिशीचा रुग्ण अंधाऱ्या खोलीत निपचित पडून राहू इच्छितो. क्लस्टर डोकेदुखीच्या रुग्णाला मात्र एका जागी बसवत नाही. तो येरझारा घालतो, पुढेमागे डोलतो, डोके हातांनी आवळतो, प्रसंगी भिंतीवर आपटतो. ही अस्वस्थता आजाराच्या लक्षणांतच मोडते. घरच्या माणसांस मात्र ती संताप किंवा वेडाचार भासते, आणि तेथून गैरसमजास सुरुवात होते.

‘क्लस्टर’ म्हणजे घोस. द्राक्षांच्या घोसाप्रमाणे हे झटके काही आठवडे किंवा महिने एकामागून एक येत राहतात आणि मग बहुतेक रुग्णांना कित्येक महिने, क्वचित कित्येक वर्षे, पूर्ण आराम मिळतो. परंतु शेकडा दहा ते पंधरा रुग्णांच्या वाट्याला हा आराम येत नाही. वर्ष किंवा त्याहून अधिक काळ झटके चालू राहिले आणि मधला विसावा तीन महिन्यांपेक्षा कमी असला, तर त्या आजारास चिरकारी म्हणतात. अशा घरात ‘आता हे संपेल’ या आशेवर दिवस काढता येत नाहीत. तेथे व्यवस्थाच लावावी लागते.

घड्याळ आणि मेंदू

या डोकेदुखीचा नियमितपणा फार पूर्वीच वैद्यांच्या नजरेस आला होता. रेम्ब्रांटच्या 1632 च्या सुप्रसिद्ध शवविच्छेदन-चित्रात आपल्याला दिसणारे ॲमस्टरडॅमचे वैद्य निकोलास तुल्प यांनी 1641 मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात एका रुग्णाची हकीकत दिली आहे. त्याचे डोके रोज ठराविक वेळी दुखू लागे आणि क्वचितच दोन तासांपलीकडे दुखे. लंडनच्या विल्फ्रेड हॅरिस यांनी 1926 मध्ये आणि अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या बेयर्ड हॉर्टन यांनी 1939 मध्ये या आजाराची सविस्तर वर्णने केली. झटक्यांच्या पुंजक्यांवरून त्याला आजचे नाव मिळाले ते 1952 नंतर. आपल्याकडे सुश्रुतसंहितेत शिरोरोगांचे अकरा प्रकार सांगितले असून त्यांत अर्धावभेदक, सूर्यावर्त, अनंतवात अशी नावे येतात. यांपैकी अमुक एक म्हणजेच क्लस्टर डोकेदुखी असे म्हणणे धाडसाचे होईल. तथापि अर्ध्या डोक्यात उठणाऱ्या आणि वेळेशी निगडित असलेल्या वेदना प्राचीन वैद्यांनी वेगळ्या काढल्या होत्या, एवढे त्यावरून निश्चित दिसते.

घड्याळाचा हा संबंध कोठून येतो, याचे उत्तर 1998 साली मिळू लागले. झटका चालू असताना नऊ चिरकारी रुग्णांच्या मेंदूंची किरणोत्सारी द्रव्यांच्या साहाय्याने चित्रे घेण्यात आली, तेव्हा हायपोथॅलॅमस नावाच्या छोट्या भागाजवळ विशेष हालचाल दिसून आली. झोप-जाग, शरीराचे तापमान, संप्रेरकांची भरती-ओहोटी यांची दिनचर्या सांभाळणारे आपले अंतर्गत घड्याळ याच भागात असते. चेहऱ्याकडून संवेदना वाहून नेणारा ट्रायजेमिनल हा मज्जातंतू आणि डोळ्याचे पाणी, नाकाचा स्राव यांवर ताबा ठेवणारे मज्जातंतू या झटक्यात एकदम चेतवले जातात. पुष्कळ रुग्णांना झोप लागल्यावर तास-दीड तासाने झटका का येतो, किंवा ऋतू पालटताना आजार का उफाळतो, याचा उलगडा यामुळे अंशतः होतो. मूळ कारण अद्याप पूर्णपणे उमगलेले नाही. परंतु हा दोष मनाचा नाही, स्वभावाचा नाही आणि संसारातील कुरबुरींचाही नाही, एवढे सांगण्याइतके ज्ञान आज निश्चितच उपलब्ध आहे. सोबत्याने सर्वांत आधी हे स्वतः समजून घ्यावे आणि मग घरातील वडीलधाऱ्यांना सांगावे.

निदानासाठी नोंदवही

या आजाराचे निदान होण्यास पुष्कळदा कित्येक वर्षे लागतात. डोळा लाल होतो म्हणून रुग्ण नेत्रवैद्याकडे जातो. नाक चोंदते म्हणून सायनसचा उपचार होतो. वरच्या जबड्यात कळ जाते म्हणून धडधाकट दातही काढले जातात. रुग्ण दवाखान्यात पोहोचतो तेव्हा झटका ओसरून गेलेला असतो आणि तपासणीत काहीच आढळत नाही. डॉक्टरांना झटका दिसत नाही. तो पाहणारे माणूस एकच, आणि ते म्हणजे सोबती.

निदान बव्हंशी झटक्याच्या वर्णनावर ठरते, आणि त्यातही वेळेला फार महत्त्व आहे. अर्धशिशी चार तासांपासून बहात्तर तासांपर्यंत टिकते. ट्रायजेमिनल मज्जातंतूच्या शूळाची कळ काही सेकंदांची, फार तर दोन मिनिटांची असते, आणि दात घासणे किंवा चेहऱ्याला हात लागणे एवढ्यानेही ती उठते. आणखी एका डोकेदुखीत क्लस्टरसारखीच लक्षणे दिसतात, पण झटके दोन ते तीस मिनिटांचे आणि दिवसातून पाचाहून अधिक असतात. ही डोकेदुखी इंडोमेथासिन या औषधाने पूर्णपणे थांबते, तर क्लस्टर डोकेदुखीत त्या औषधाचा सहसा उपयोग होत नाही. म्हणजे झटका वीस मिनिटे चालला की सव्वा तास, या एका नोंदीवर पुढील सर्व उपचारांची दिशा बदलू शकते. वेदनेने व्याकूळ झालेल्या रुग्णाला घड्याळ पाहण्याचे भान नसते. ते सोबत्याने पाहावे.

एक साधी वही त्यासाठी पुरेशी आहे. तीत तारीख, झटका सुरू झाल्याची व थांबल्याची वेळ, बाजू डावी की उजवी, डोळ्याची व नाकाची स्थिती, कोणते औषध किती वाजता दिले आणि किती मिनिटांनी गुण आला, एवढ्या गोष्टी लिहाव्यात. रुग्णाची संमती असल्यास झटक्याच्या वेळचे चेहऱ्याचे छायाचित्रही काढून ठेवावे. उतरलेली पापणी आणि लाल डोळा त्यात डॉक्टरांना दिसतो. मस्तिष्कातील ग्रंथींची गाठ किंवा तत्सम दुसरा विकार नाही, याची खात्री करून घेण्यासाठी मेंदूची एम.आर.आय. तपासणी एकदा करून घेणे हिताचे असते.

बंगळूर येथील संस्था

डोकेदुखीचा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून विचार भारतात ज्या थोड्या ठिकाणी झाला, त्यांत बंगळूर हे प्रमुख होय. तेथील ‘निम्हान्स’, म्हणजे राष्ट्रीय मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्था, 1974 साली जुने मानसिक रुग्णालय आणि 1954 मध्ये सुरू झालेली अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था यांच्या विलीनीकरणातून निर्माण झाली. 2012 च्या कायद्याने तिला राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेचा दर्जा मिळाला. या संस्थेतील गिरीश कुलकर्णी, गिरीश राव, जी. गुरुराज आदी संशोधकांनी परदेशी तज्ज्ञांच्या सहकार्याने बंगळूर शहर व आसपासचा ग्रामीण भाग येथील 2329 प्रौढांची घरोघर जाऊन पाहणी केली. तिचे निष्कर्ष 2015 मध्ये प्रसिद्ध झाले. वर्षभरात कोणत्या ना कोणत्या प्रकारची डोकेदुखी झालेल्यांचे प्रमाण शेकडा 63.9 होते, एकट्या अर्धशिशीचे प्रमाण शेकडा 25.2 होते. हजारांत एखाद्याला होणारा आजार एवढ्या मोठ्या गर्दीत कसा हरवून जात असेल, याची कल्पना या आकड्यांवरून येते. चौघांपैकी एकाला अर्धशिशी असणाऱ्या समाजात ‘त्यालाही अर्धशिशीच असेल’ असा समज होणे स्वाभाविक आहे. 

निम्हान्समध्ये मज्जाविकार आणि मनोविकार या दोहोंचे विभाग एकाच आवारात आहेत. रुग्णाच्या दृष्टीने ही मोठी सोय आहे, परंतु तिच्यातून एक अडचणही उद्भवते. पुष्कळांच्या मनात ही संस्था अजून केवळ मनोरुग्णांचे इस्पितळ म्हणूनच आहे. ‘होसूर रोडला न्यावे लागले’ एवढे कानी पडताच नातलग कुजबुजू लागतात. अशा वेळी सोबत्याने संकोच न करता आजाराचे नाव स्पष्ट सांगावे. लपवाछपवीने कुजबुज वाढते आणि रुग्णाला आपण घराण्याला खाली पाहायला लावले असे वाटू लागते.

नातेवाइकाला उपचारात सहभागी करून घेण्याची परंपरा भारतीय रुग्णालयांत जुनी आहे. अमृतसरच्या मानसिक रुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी 1950 च्या दशकात रुग्णांच्या आप्तांना आवारात तंबू ठोकून राहू दिले आणि उपचारांत भागीदार केले. निम्हान्समध्येही रुग्णासह कुटुंबाला दाखल करून घेण्याची व्यवस्था 1970 च्या दशकात सुरू झाली. ही परंपरा मनोविकारांच्या क्षेत्रातील असली, तरी तिच्यातील तत्त्व येथेही लागू पडते. जे माणूस रात्री रुग्णाजवळ असते, त्याला आजाराची माहिती असलीच पाहिजे. म्हणून डॉक्टरांच्या भेटीस रुग्णाने एकट्याने जाऊ नये. सोबत्याने वही घेऊन बरोबर जावे आणि आपणही प्रश्न विचारावेत.

झटक्याच्या वेळी

झटका सुरू होताच सोबत्याने करावयाच्या गोष्टी थोड्याच आहेत, पण त्यांचा क्रम आधी ठरलेला असला पाहिजे. रुग्णाला बरे वाटत असताना दोघांनी बसून तो ठरवावा. कोणते औषध प्रथम, ते कोठे ठेवले आहे, मुलांना कोणत्या खोलीत न्यावयाचे, रुग्णाला स्पर्श हवा की नको, जवळ कोणी असावे की नसावे, याची उत्तरे प्रत्येक रुग्णाची निराळी असतात. झटक्याच्या ऐन भरात ‘फार दुखते का?’, ‘डॉक्टरांना बोलावू का?’ अशी विचारपूस करणे टाळावे. त्या वेळी बोलणे हाही रुग्णाला छळ वाटतो. त्याने हात झिडकारला, तर तो झिडकार आपल्याला उद्देशून नाही हे सोबत्याने मनाशी पक्के धरावे. भिंतीचे व पलंगाचे टोकदार कोपरे, काचेचे सामान वाटेतून दूर करावे आणि शांतपणे घड्याळाकडे पाहावे.

साध्या वेदनाशामक गोळ्यांचा या झटक्यात फारसा उपयोग होत नाही. त्या पोटातून रक्तात मिसळेपर्यंत झटका निम्मा सरलेला असतो. खरा गुण दोन उपायांनी येतो. पहिला उपाय सुमाट्रिप्टान या औषधाचे त्वचेखाली द्यावयाचे इंजेक्शन. 1991 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सुमारे तीन-चतुर्थांश झटके पंधरा मिनिटांत त्याने शमले. हे इंजेक्शन कसे द्यावयाचे ते सोबत्याने परिचारिकेकडून शिकून घ्यावे. मात्र चोवीस तासांत दोहोंपेक्षा अधिक इंजेक्शने द्यावयाची नसतात, आणि हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा विकार असलेल्यांना ते मुळीच चालत नाही.

प्राणवायूचे सिलिंडर

दुसरा उपाय म्हणजे शुद्ध प्राणवायू. हॉर्टन यांनी तो 1950 च्या दशकातच वापरला होता. ली कुड्रो यांनी 1981 मध्ये 52 रुग्णांवरील अनुभव प्रसिद्ध केला आणि या उपायाकडे सर्वांचे लक्ष वेधले. 2009 साली लंडनमध्ये झालेल्या चाचणीत मिनिटास 12 लिटर या वेगाने पंधरा मिनिटे प्राणवायू दिला असता शेकडा 78 झटके शमले. मुखवट्यातून नुसती हवा दिली असता हे प्रमाण शेकडा 20 होते. दिवसातून कितीही वेळा घेता येणारा आणि हृदयविकाराच्या रुग्णासही सामान्यतः चालणारा हा उपाय आहे. श्वसनाचा जुनाट विकार असल्यास मात्र डॉक्टरांचा सल्ला आधी घ्यावा.

या उपायाचे यश तपशिलावर अवलंबून आहे. नाकात घालावयाच्या बारीक नळ्यांनी काम होत नाही. पिशवी जोडलेला, सोडलेला श्वास पुन्हा आत न येऊ देणारा मुखवटा लागतो. दुकानात तो नॉन-रीब्रीदर मास्क या नावाने मिळतो. पिशवी आधी भरू द्यावी, मुखवटा चेहऱ्यावर घट्ट बसवावा, रुग्णाने किंचित पुढे झुकून बसावे. प्रवाह मिनिटास 12 ते 15 लिटर असावा आणि कळीची पहिली जाणीव होताच सुरुवात करावी. 2021 च्या एप्रिल-मे महिन्यांत करोनाच्या दुसऱ्या लाटेत बंगळुरात लोक प्राणवायूसाठी वणवण फिरले, आणि त्यानंतर पुष्कळ घरांत प्राणवायू गोळा करणारी विजेवरची यंत्रे आली. अशी पुष्कळशी यंत्रे मिनिटास 5 लिटर, मोठी यंत्रे 10 लिटर प्राणवायू देतात. ती क्लस्टर डोकेदुखीस अपुरी पडतात. ‘प्राणवायू देऊन पाहिला, उपयोग झाला नाही’ असे कोणी सांगितले, तर मुखवटा कोणता होता आणि प्रवाह किती होता, हे प्रथम विचारावे.

हिशेबही सोबत्याला ठाऊक हवा. मिनिटास 12 लिटर याप्रमाणे पंधरा मिनिटांस 180 लिटर प्राणवायू लागतो. आपल्याकडील ‘बी’ प्रकारच्या लहान सिलिंडरात सुमारे 1500 लिटर असतो, म्हणजे तो आठ झटक्यांना पुरेल. ‘डी’ प्रकारच्या मोठ्या सिलिंडरात सुमारे 7000 लिटर असतो, म्हणजे तो अडतीस झटक्यांना पुरेल. रोज तीन झटके येणाऱ्या रुग्णाला मोठा सिलिंडर बारा-तेरा दिवस जाईल. म्हणून दुसरा भरलेला सिलिंडर नेहमी हाताशी असावा, आणि भरून देणाऱ्याचा दूरध्वनी क्रमांक भिंतीवर लिहिलेला असावा. झडप उघडण्याची चावी सिलिंडरलाच बांधून ठेवावी. मध्यरात्री ती शोधण्यात गेलेली पाच मिनिटे झटका हाताबाहेर नेतात. सिलिंडर भिंतीशी साखळीने बांधावा. त्याच्या खोलीत समई, उदबत्ती, शेगडी, विडी-सिगारेट यांना मज्जाव असावा, आणि झडपेला तेलकट हात किंवा तेल कधीही लावू नये. प्राणवायू स्वतः जळत नाही, परंतु त्याच्या सान्निध्यात ठिणगीचा वणवा होतो.

प्रतिबंधक औषधे

झटका शमवणे आणि झटके येऊच न देणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. चिरकारी रुग्णास दुसऱ्या प्रकारची औषधे दीर्घकाळ घ्यावी लागतात. त्यांत व्हेरापामिल हे अग्रगण्य आहे. मूळचे ते रक्तदाबाचे व हृदयाचे औषध; या आजारात त्याची मात्रा पुष्कळ वाढवावी लागत असल्यामुळे प्रत्येक वाढीच्या वेळी हृदयालेख, म्हणजे ई.सी.जी., काढणे आवश्यक असते. तारखा सोबत्याने वहीत मांडून ठेवाव्यात. लिथियम हे दुसरे औषध. त्यासाठी रक्तातील त्याचे प्रमाण, मूत्रपिंड व कंठस्थ ग्रंथी यांची वेळोवेळी तपासणी करावी लागते. लिथियम मनोविकारांतही वापरले जाते. म्हणून चिठ्ठीवर ते नाव पाहून घरच्यांनी भलता अर्थ काढू नये. कॉर्टिसोन-वर्गीय औषधे थोड्या दिवसांपुरती देतात, किंवा डोक्याच्या मागील मज्जातंतूजवळ त्यांचे इंजेक्शन देतात. अमेरिकेत जून 2019 मध्ये गाल्केनेझुमॅब या नव्या औषधास मान्यता मिळाली, परंतु ती खंड पडणाऱ्या प्रकारापुरती. चिरकारी प्रकारात ते अपेक्षेस उतरले नाही. नव्या औषधाची बातमी वाचून आशा बांधण्यापूर्वी ते कोणत्या प्रकारासाठी आहे, हे पाहणे म्हणूनच इष्ट ठरते.

झटक्यांच्या काळात मद्याचा एक घोटही तासाभरात झटका आणू शकतो. दुपारच्या डुलकीनेही काहींना तो येतो. या गोष्टी टाळण्यास रुग्णाला साहाय्य करावे, पण पाळत ठेवू नये. प्रत्येक झटक्यानंतर ‘काल काय खाल्ले होते?’ अशी उलटतपासणी सुरू झाली, तर रुग्ण आपला आजार लपवू लागतो. चिरकारी आजारात पुष्कळसे झटके काहीही न करता येतात, हे विसरू नये.

जीव नकोसा होतो तेव्हा

आता एका अप्रिय परंतु आवश्यक विषयाकडे वळले पाहिजे. या वेदनेमुळे आत्महत्येचे विचार मनात येणारे रुग्ण पुष्कळ आहेत. असे विचार बहुधा झटक्याच्या भरात, किंवा पुढच्या झटक्याच्या धास्तीने येतात. विचारल्याने हा विचार डोक्यात शिरेल, ही भीती निराधार आहे. शांत वेळी, आडवळण न घेता, ‘जगणे नकोसे वाटते का?’ असे विचारावे आणि उत्तर ऐकून घ्यावे. ‘असे बोलू नये, मुलांकडे पाहा’ म्हणून तोंड बंद करू नये. रुग्ण हो म्हणाला, तर औषधांचा साठा सोबत्याने आपल्या ताब्यात घ्यावा, त्याला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. केंद्र सरकारने 10 ऑक्टोबर 2022 रोजी सुरू केलेली ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनी-सेवा 14416 या क्रमांकावर अहोरात्र व विनामूल्य उपलब्ध असते. तिचे मध्यवर्ती केंद्र बंगळूरचे निम्हान्सच आहे. मराठीसह अनेक भारतीय भाषांत तेथे बोलता येते. सोबत्यालाही स्वतःसाठी या सेवेचा आधार घेता येतो.

सोबत्याचे आरोग्य

रात्री दोनदा-तीनदा उठावे लागणाऱ्या माणसाची झोप रुग्णाइतकीच मोडते. दिवसा कचेरी, स्वयंपाक, मुलांचा अभ्यास आणि रात्री हे जागरण, असा क्रम महिनोन्महिने चालला की सोबत्याच्या मनात चीड उत्पन्न होते, आणि चीड आल्याबद्दल पुन्हा अपराधी वाटते. या दोन्ही भावना स्वाभाविक आहेत. त्यांवरील उपाय त्यागाची परिसीमा गाठण्यात नाही. कामाची वाटणी करण्यात आहे. भाऊ, बहीण, शेजारी यांपैकी एकाला सिलिंडर लावण्याचे शिक्षण द्यावे, म्हणजे सोबत्याला आठवड्यातून एखादी रात्र दुसऱ्या खोलीत सलग झोपता येईल. रुग्ण ज्या झटक्यांना स्वतः तोंड देऊ शकतो, ते त्याला देऊ द्यावेत. मुलांना त्यांच्या वयाच्या मानाने खरे सांगावे : बाबांच्या किंवा आईच्या डोक्यात फार दुखते, ते तासाभरात थांबते, आणि त्यात तुमचा काही दोष नाही. कामाच्या ठिकाणी वरिष्ठांना डॉक्टरांचे पत्र द्यावे. अचानक अर्धा तास उठून जाणारा माणूस कामचुकार नाही, हे त्यावरून कळते.

रुग्णानेही एक गोष्ट करावी. झटका ओसरला, की वेदनेच्या जागी एकाएकी हलकेपणा येतो. दोन झटक्यांमधला तो वेळ केवळ पुढच्या झटक्याची वाट पाहण्यात घालवू नये. त्या वेळी रुग्ण पुष्कळदा पूर्ववत् असतो. तो हिशेब करू शकतो, मुलाला शिकवू शकतो, सोबत्याचे ऐकून घेऊ शकतो. चिरकारी आजारात संसार चालतो तो याच मधल्या तासांवर.

क्लस्टर डोकेदुखी कायमची बरी करणारे औषध आज नाही. मात्र योग्य निदान, पुरेशा वेगाचा प्राणवायू, देखरेखीखाली घेतलेले प्रतिबंधक औषध आणि नीट ठेवलेली नोंदवही यांनी दोन तासांचा झटका पंधरा मिनिटांवर आणता येतो, आणि पुष्कळांच्या बाबतीत झटक्यांची संख्याही घटते. यांपैकी प्रत्येक गोष्टीत सोबत्याचा हात आहे. दुसऱ्याची वेदना वाटून घेता येत नाही, हे खरे. तिचा काळ मात्र कमी करता येतो, आणि या आजारात ते काम फार मोठे आहे.